पौलाची बाजू

रिबेकाबाई साळवे रोज संध्याकाळी पौलाशी भांडत. पौल म्हणजे बायबलातला, ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिणारा संत. त्याला जाऊन एकोणीसशे वर्षं होत आली, थोडी इकडेतिकडे; पण बाईंचा सूर असा, की तो आत्ताच जिना उतरून नाक्यावर गेला आहे आणि परत आला की त्याला जाब विचारायचा आहे.

"लिहून मोकळा झाला," त्या म्हणत. "बायकांनी मंडळीत गप्प बसावं. कोणत्या बायकांनी? कोणाला लिहिलं? त्या घरात त्या दिवशी काय झालं होतं? पत्र आहे हे, पीनल कोड नाही."

आम्ही माझगावला राहायला आलो तेव्हा बाई आणि त्यांचे यजमान शांतवनराव शेजारच्या खोलीत होते. मधली भिंत लाकडी फळ्यांची. बाई मुलींच्या शाळेत शिकवत, शांतवनराव गोदीत कारकून. पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडून आवाज आले.

"बाईला पुरुषावर अधिकार दिलाच कुणी?"

"आणि प्रिस्किल्लेला कुणी दिला?"

"तिचं नाव काढू नकोस."

"काढणार. रोज काढणार."

आमच्या हिने स्टोव्ह बारीक केला. "ऐकलंत? कोणी प्रिस्किल्ला आहे. गोदीतलीच असेल." दुसऱ्या दिवशी साखर मागायच्या निमित्ताने ती बाईंना धीर द्यायला गेली आणि तोंडाला पदर लावून परत आली. प्रिस्किल्ला ही बायबलातली बाई. नवऱ्याबरोबर तंबू शिवायची, आणि एका विद्वान पुरुषाला घरी बोलावून तिने त्याचा धर्म नीट समजावून दिला होता. रिबेकाबाईंचा तो हुकमी एक्का. शांतवनराव कायम पौलाच्या बाजूने. भांडण संपलं की दोघं मिळून बोंबील तळत, त्याचा वास आमच्याकडे येई.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली त्या सुमारास शांतवनराव वारले. बरेच दिवस भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. मग एका संध्याकाळी बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात बायबल, चष्मा कपाळावर.

"कर्णिक, तुम्ही हिशेब तपासता ना?"

"हो."

"चूक दिसली की सोडत नाही?"

"शक्यतो नाही."

"मग आजपासून तुम्ही पौलाची बाजू घ्या."

मी म्हणालो, बाई, मी हिंदू माणूस. आमच्या घरात गणपती बसतो.

"पौलसुद्धा आधी ख्रिस्ती नव्हता," बाई म्हणाल्या. "सरका जरा, बसू द्या."

अर्धवट तयारीने बोलणं मला जमत नाही. मी बायबल मागून घेतलं आणि पौलाची सगळी पत्रं पहिल्यापासून वाचली. ऑफिसात एकाने विचारलं, धर्म बदलताय का. मी म्हणालो, नाही, वकीलपत्र घेतलंय.

बाईंचा पहिला मुद्दा पक्का होता. करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, पौल म्हणतो की बायकांनी प्रार्थना करताना आणि देवाचा संदेश सांगताना डोकं झाकावं. चौदाव्या अध्यायात म्हणतो, गप्प बसावं.

"गप्पच बसायचं तर डोकं झाकून बोलायचा नियम कशाला? तीन अध्यायांत माणूस विसरला?"

"अकराव्यात बोलायचं कुठे ते दिलेलं नाही," मी म्हणालो. "घरात असेल."

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "छान. अजून?"

दुसरा मुद्दा तीमथ्य नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रातला. आदाम आधी घडला, हव्वा नंतर. म्हणून बाईने पुरुषाला शिकवू नये, त्याच्यावर अधिकार चालवू नये.

"आधी घडला त्याचं ऐकायचं?" बाई म्हणाल्या. "उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आदामाच्या आदल्या दिवशी मासळी घडली. तुम्ही उद्यापासून बांगड्याचा उपदेश ऐका."

आमची ही हसून हसून बाहेर गेली. मी दोन दिवसांनी उत्तर घेऊन आलो, की दुसऱ्या अध्यायात क्रम वेगळा आहे. तिथे आदाम आधी आणि जनावरं नंतर. बाई आपल्या खोलीत जाऊन नानकटाईचा डबा घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवला.

"हे त्यांना कधी सुचलं नाही," त्या म्हणाल्या.

हार मानायची मात्र मला परवानगी नव्हती. एकदा ऑफिसात दिवस वाईट गेला होता, म्हणून मी "पटलं, बाई" म्हणून मोकळा झालो. बाई दुखावल्या. "पटलं काय? इतक्यात? पौलाला पटलं असतं?" चहा अर्धा टाकून त्या उठून गेल्या.

चळवळीत आमच्या चाळीतून पहाटेच्या प्रभातफेऱ्या निघत. बबन परब त्यांचा पुढारी. तो बाईंकडे आला. "बाई, बायकांच्या पुढे तुम्ही चला. तुमचा आवाज डोंगरीपर्यंत जातो."

"आणि मला कुणी गप्प बस म्हणालं तर?"

"कोण म्हणतो? हिंमत हाय कुणाची?"

बाई जरा हिरमुसल्याच. तरी गेल्या. पांढरं पातळ, हातात झेंडा, आणि 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा अशी स्वच्छ, की जणू समोर शुद्धलेखन घ्यायला वर्ग बसला आहे. त्यांच्या मंडळीतले पंच दाविदराव गायकवाड यांनी ते दुधाच्या केंद्रावरून पाहिलं. (त्यांच्यात मंडळी म्हणजे चर्चचे सगळे सभासद. आमच्या घरी मंडळी म्हणजे एकटी ही.) रविवारी चर्चच्या पायरीवर दाविदराव म्हणाले, "बाई, रस्त्यावर गर्जायला चालतं वाटतं."

"चालतं की. मग आत का चालू नये?"

त्या मंडळीत वर्षातून एक रविवार स्त्रियांचा असे. त्या दिवशी फुलं बायका लावत, गाणी बायका म्हणत, चहा बायका करत. आणि स्त्रीचं कर्तव्य या विषयावर उपदेश पुरुष करी. बाईंनी पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगितलं, यंदाचा उपदेश मी करणार. पाळकसाहेबांनी विषय पंचांपुढे ठेवला.

बैठकीआधीच्या दिवसांत मी पौलाच्या बाजूने जेवढा बोललो, तेवढा माझ्या साहेबापुढे सबंध नोकरीत बोललो नाही. बाईंनी एकेक मुद्दा घासूनपुसून घेतला. बैठकीला निघताना त्यांनी इस्त्रीचं पातळ नेसलं होतं आणि शाळेच्या तपासणीला जावं तसा चेहरा केला होता.

त्या फार लवकर परत आल्या. आमच्याकडे येऊन खुर्चीत बसल्या. चहाला हात लावला नाही.

"काय झालं?" हिने विचारलं. "नाही म्हणाले?"

"हो म्हणाले."

"मग अभिनंदन, बाई," मी म्हणालो.

"कशाचं? उद्या हरताळ, जो तो घरी पळायच्या घाईत. पाळकसाहेब म्हणाले, कोणाची हरकत? दाविदराव म्हणाले, बोलू द्या, पण थोडक्यात. संपलं. एकाने तरी तीमथ्य काढायचा, कर्णिक. दाविदरावांना तर तो तोंडपाठ आहे. ते घड्याळ बघत होते." थोडा वेळ त्या पदराचं टोक पिळत बसल्या. "मी नाही बोलणार. उद्या कळवून टाकते. ऐकणारे असे, तर बोलायचं कोणाशी?"

मी काही बोलणार तेवढ्यात ही म्हणाली, "बाई, इतकी वर्षं आम्ही भिंतीआडून ऐकलं. एकदा समोरून ऐकू द्या."

त्या रविवारी आम्ही दोघं चर्चमध्ये गेलो. तिथे पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे; त्यामुळे आमची ताटातूट झाली. बाई व्यासपीठावर चढल्या. पदर डोक्यावरून घेतला होता. अकरावा अध्याय त्यांनी पाळला होता. सुरुवात झकास झाली. प्रिस्किल्ला झाली, मासळी झाली. बांगड्याच्या उपदेशाला पाळकसाहेबसुद्धा हसले. मग बाईंनी चौदावा अध्याय उघडला आणि बायकांनी गप्प बसावं हा भाग वाचला. त्याच्या पुढचं वाक्यही वाचलं. आमच्या एवढ्या संध्याकाळींत ते त्यांनी एकदाही मोठ्याने वाचलं नव्हतं. मी तिथवर आलो की त्या पान उलटत. बायकांना काही शिकून घ्यायचं असेल तर त्यांनी घरी आपल्या नवऱ्याला विचारावं, असं ते वाक्य आहे.

बाईंनी त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"ह्या वाक्याशी माझं भांडण नाही," त्या म्हणाल्या. "हे मी पाळलं. रोज घरी विचारायचे. ते रोज मला चूक ठरवायचे."

लोक हसले.

"आता कोणी ठरवत नाही. मग मी बरोबर आहे की नाही, हे मला कळायचं कसं?"

हसणं बंद झालं. दाविदराव चष्मा पुसू लागले. बाई उजवीकडच्या बाकांकडे बघत होत्या. "कोणाची हरकत आहे?" त्यांनी विचारलं. उपदेशाला उत्तर द्यायची तिथे रीत नाही. कोणी हललं नाही. बाई पुढेही जाईनात. पानाचा कोपरा नुसता बोटांत धरून उभ्या. पलीकडून ही माझ्याकडे बघत होती. घरात नळ उघडा राहिला की बघते तशी.

मी उठलो. "बाई, माझी आहे."

सगळ्या माना वळल्या.

"कशाबद्दल?"

"चौदाव्या अध्यायाबद्दल. जरा लांबलचक आहे."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज थेट शाळेतला होता.

"कर्णिक, मंडळीत गप्प बसा," त्या म्हणाल्या. "काही विचारायचं असेल तर घरी येऊन विचारा."

सगळं चर्च हसलं. मी खाली बसलो, आणि बाईंनी पान उलटलं.