आर्वीतलं जैसलमेर

हॉलला रंग द्यायचा, एवढंच ठरलं होतं. पांढरा. तसं दीपमालानं, म्हणजे माझ्या बायकोनं ठरवलं होतं, आणि आमच्या घरात ठरवायचं खातं तिच्याकडेच आहे. (माझ्याकडे 'हो' म्हणायचं खातं आहे.) पण मधेच आम्ही जैसलमेर फिरून आलो आणि मी बिघडलो.

काय तो सोनेरी दगड! काय ते संध्याकाळचे कंदील! परत येऊन आर्वीच्या आमच्या हॉलमध्ये पाय ठेवला, तर तो हॉल मला एस.टी. डेपोच्या चौकशी खिडकीसारखा वाटला. त्या दिवसापासून मला घरात बसवेना. सोफा या भिंतीकडून त्या भिंतीकडे, तिथून खिडकीखाली, परत मागे. एकदा दीपमाला चहाचा कप घेऊन सवयीनं जुन्या जागी टेकली, ती थेट फरशीवर. ऑफिसातही मी टपाल नोंदवायचं सोडून मोबाइलवर दुसऱ्यांच्या भिंती बघत बसायचो.

त्यातच सेलूहून निरोप आला. माझी धाकटी बहीण काजल वर्ध्याला नर्स आहे. तिला बघायला रविवारी अंकित नावाचा एक शिक्षक आईवडिलांना घेऊन येणार होता. आमचे आईबाबा गेल्यापासून काजलचं सगळं आम्हीच बघतो. आणि आजवर प्रत्येक फोटोला नाक मुरडणारी ही पोरगी अंकितचा फोटो पाहून चक्क गप्प राहिली होती! म्हणजे स्थळ हातचं जाऊ देऊन चालणार नव्हतं.

"पाहुणे यायच्या आत पांढरा मारून टाका अन् मंग चूप बसा," असं बजावून दीपमाला दोन दिवस हिंगणीला माहेरी गेली. तिनं जायला नको होतं.

मी रजा टाकली. ब्रश स्वतः हातात घेतला. भिंती सोनेरी केल्या. पडदे मोहरीच्या रंगाचे आणले. मडक्यांना भोकं पाडून आत पिवळे बल्ब सोडले आणि मधोमध जैसलमेरहून आणलेला पितळी कंदील टांगला. शनिवारी संध्याकाळी दीपमाला परतली आणि दारातच थबकली.

"अवो, हे काय करून ठेवलं?"

"सोनेरी!"

"हे पिवळं हाय."

"अगं, लाइटिंग नाही ना अजून. थांब." मी बटणं दाबली.

"आता जास्त पिवळं झालं," ती म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "पंखा कुठं गेला?"

"कंदिलाच्या आड येत होता."

मार्च संपत आला होता. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या रात्री जेवलो नाही. (भूकही नव्हती म्हणा.)

रविवारी दुपारी पाहुणे आले. काजल ड्यूटी आटोपून मागच्या दारानं आली ती थेट स्वयंपाकघरात. इकडे जयभीम झाला, पाणी झालं. मी पडदे घट्ट ओढून घेतले, कारण बाहेरच्या उन्हानं मूड जातो. काजल पोह्यांचा ट्रे घेऊन आली. अंकितच्या आईनं, सुमित्राबाईंनी, तिला निरखून पाहिलं आणि नवऱ्याच्या कानाशी लागल्या. त्या कुजबुजीचा आवाज दणदणीत होता.

"पोरीले कावीळ दिसते."

इकडे काजल परत आत गेली आणि दीपमालाला म्हणाली, "वहिनी, पोरगा चांगला आहे वं, पण त्याले कावीळ आहे. आई तर त्याच्याहून पिवळी!"

रीतीप्रमाणे दोघांना कोपऱ्यात बोलायला बसवलं. मी कंदील सरळ करायच्या निमित्तानं जवळ घुटमळलो. पोरं आवडीनिवडी विचारतील असं वाटलं होतं.

"लघवीचा रंग कसा आहे?" काजलनं विचारलं.

अंकितनं तोंडाकडे नेलेला चमचा परत बशीत ठेवला. "माह्या?"

"मंग कोनाच्या? लाजू नका, मी नर्स आहे. मळमळते का?"

"आता मळमळून राह्यलं," तो म्हणाला.

सोफ्यावर सुमित्राबाई दीपमालाला विचारत होत्या, "पोरगी जेवते ना बरोबर? नाई, हळदीचा कार्यक्रम उरकल्यासारखीच दिसते, म्हणून विचारलं." दीपमालाचा चेहरा लाल झाला असणार. त्या उजेडात तो नारिंगी दिसला. आता बोलणी फिसकटणार, आणि काजल मला जन्मभर ऐकवणार, या विचारानं मी या मडक्यापासून त्या मडक्यापर्यंत येरझारा घालू लागलो.

एवढ्यात अंकितचे वडील डोमाजी घामानं निथळत उठले.

"माफ करजा प्रफुल्लभाऊ, पन इथं जीव घाबरून राह्यला. बाहेर बसू."

सगळे अंगणात कडुलिंबाखाली आले. आणि काय सांगू! सुमित्राबाई गोऱ्यापान निघाल्या. काजल नेहमीसारखी सावळी, टवटवीत. अंकित तर फोटोपेक्षा देखणा. सगळे एकमेकांकडे पाहतच राहिले.

"अगं बाई, पोरगी तं चांगली ठणठणीत हाय!" सुमित्राबाई ओरडल्या.

"मी तं मघापासून तुम्हाले दवाखान्यात न्यायचा विचार करून राह्यली होती," काजल म्हणाली. अंकित पोट धरून हसला. "तुम्ही विचारलं काऊन नाई मग मले माह्या तब्येतीचं?" असं तिनं त्याला विचारलं, आणि दोघं बोलत बोलत विहिरीकडे गेले ते चहा गार झाला तरी आले नाहीत. जाताना डोमाजींनी माझा हात धरला. "पोरगी पसंत हाय. फक्त बाकीचे कार्यक्रम आमच्याकडे करू."

मी मोठा श्वास सोडला. तोच काजल समोर येऊन उभी राहिली.

"दादा, इकडे पाह्य. वर पाह्य." तिनं माझी पापणी ओढली. "वहिनी, सगळ्यांचा पिवळा रंग उतरला. याचा काऊन नाई उतरला?"

खरी कावीळ मलाच होती. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण दोन-तीन दिवस तरी झाले असावेत. घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? दीपमाला म्हणाली, "साहेब, तुम्ही आमचा हॉल पाह्यला नाई."

आता सक्तीची विश्रांती आहे. पलंग हॉलमध्येच टाकलाय. भेटायला येणारे दारात उभे राहून आत डोकावतात आणि विचारतात, "प्रफुल्लभाऊ कुठं हायेत?"

दीपमाला बोट दाखवते. "ते पांघरून घेतलेले. बाकी भिंत हाय."