एक जूनची फुकट चादर

थोर माणसं जन्माला का येतात, हे इतिहासकारांना आजवर नीट सांगता आलेलं नाही. सोलापुरातल्या एका चादरीच्या दुकानाने ते सांगितलं. थोर माणसं चादरी खपवायला जन्माला येतात आणि पुन्हा एकदा खपवायला मरतात. (जिवंत माणूस निम्माच उपयोगी. शिवाय तो नोटीस पाठवतो.)

हे दुकान सुंदरम्माचे यजमान शरणबसव यांनी काढलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता गल्ल्यावर मुलगा सोमशेखर बसतो आणि पुण्याहून मार्केटिंग शिकून आलेली नात अंकिता दुकानाचं फेसबुक-इन्स्टाग्राम बघते. सुंदरम्मा दारापाशी खुर्चीत बसते आणि सगळंच बघते.

अंकिताचं काम शास्त्रशुद्ध होतं. रोज सकाळी एक थोर माणूस आणि त्याच्याखाली एक चादर. गुरुत्वाकर्षण शोधणाऱ्या शास्त्रज्ञाच्या जयंतीला 'आमची चादर अंगावरून घसरत नाही'. एका क्रांतिकारकाच्या पुण्यतिथीला 'त्यांनी इंग्रजांची झोप उडवली, आम्ही तुम्हाला झोप देतो'. बारा जानेवारीला शहराच्या हुतात्म्यांना अभिवादन आणि संक्रांतीची सूट एकाच चित्रात बसवली. जागेची बचत झाली. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी शरणबसव त्या दिवशी दुपारपर्यंत दुकान उघडत नसत, हे सुंदरम्माला आठवत होतं. तेव्हा थोर माणसांमुळे धंदा बुडायचा. देशाची प्रगती झाली ती अशी.

मे संपता संपता अडचण आली. एक जूनला अंकिताला कोणी थोर सापडेना. (दूध दिन होता, पण दूध पांघरता येत नाही.) अशा वेळी घरचं माणूस कामी येतं. शरणबसव यांच्या कागदांवर जन्मतारीख एक जून निघाली आणि 'संस्थापक दिन' ठरला.

"अगं, त्यांचा जन्म थंडीतला," सुंदरम्मा म्हणाली. "संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरली होती, सासूबाईंनी सांगितलंय मला. एक जून मास्तरांनी लावलाय. शाळा जूनमध्ये भरायची. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला, की झाली म्हणायचे सहा वर्षं, आणि एक जून लिहून मोकळे. आख्ख्या वर्गाला तीच तारीख."

"किती गोड, अज्जी. हेच जरा कॅमेऱ्यासमोर सांग ना."

अज्जीने सांगितलं. तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. मागे सनई लावलेली असल्यामुळे अज्जी काय म्हणते ते एकालाही ऐकू आलं नाही. सनई लावणारीलाही नाही.

मग योजना जाहीर झाली. एक जूनला जन्मलेल्या प्रत्येकाला त्या दिवशी एक चादर मोफत, आधार कार्ड दाखवा. तसा फलकही दुकानावर लागला. हिशेब सोपा होता. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, म्हणजे तितक्या माणसांत असा एक. दुकानात दिवसाला येतात चाळीस. (ज्या उदारपणात पदरचं काही जात नाही, त्याला या शास्त्रात 'ब्रँडची मूल्यं' म्हणतात.)

एक जूनला दुकान उघडायच्या आधी बार्शीची एसटी येऊन गेली होती, अक्कलकोटचीही. रांग बोळ ओलांडून चौकात पोचली. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांच्या हातात आधार कार्ड. मराठी, कानडी, तेलुगू, मुसलमान, सगळे होते. मास्तरांनी कुणातच भेदभाव केला नव्हता.

सोमशेखरला घाम फुटला. दुकानात होत्या त्या चादरी पंढरपूरच्या एका लॉजसाठी गठ्ठे बांधून ठेवलेल्या. त्या वाटल्या तर लॉज हातचं जाणार, न वाटल्या तर दुकानाचा शब्द. 'फक्त पहिल्या पन्नास जणांना' असं आता घालता येईल का, असं त्याने विचारलं. अंकिता म्हणाली, जुनी पोस्ट दुरुस्त करता येते. इतिहासाच्या बाबतीत ते नेहमीच करतात.

ते ऐकून सुंदरम्मा उठली. शब्दही राहील आणि लॉजही, असा तिचा बेत होता. पायरीवर उभी राहून तिने हाक दिली, की ज्यांचा एक जून मास्तरांनी लावलाय, त्यांनी हात वर करावेत. लाज वाटून निम्मे तरी परततील, अशी तिची समजूत. आख्ख्या रांगेने हात वर केले. हललं कोणीच नाही.

पुढे उभा होता कोंडीबा, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर.

"आक्का, ह्याच तारकेनं मला घरी बसवलं," तो म्हणाला. "तवा म्या डेपोत सांगितलं, सायेब, माझा जलम दिवाळीतला हाय, आजून पाच म्हैनं गाडी चालवतो की. सायेब म्हनले, कागदावर हाय त्येच खरं. आता कागद पयल्यांदा कायतरी देतोय, तर तुमी मास्तरला मधी आणताय व्हय?"

सुंदरम्माने त्याचं कार्ड हातात घेऊन तारीख वाचली. ती आत वळली.

"सोमू, गठ्ठे सोड."

दुपारपर्यंत लॉजच्या चादरी संपल्या, मग कपाटातल्या, मग काचेत लावलेल्या नमुन्याच्याही. शब्द राहिला, लॉज गेलं. प्रत्येक चादर सुंदरम्माने स्वतः हातात दिली आणि देताना खरा दिवस विचारला. बजाबाई रझाकारांच्या भीतीने घरचे गाव सोडत असताना बैलगाडीत जन्मली होती. अजीजा म्हणाली, "अम्मी बोलती थी, रमजान का चाँद दिखा उसी रात." बऱ्याच जणांना आधी आठवावं लागलं. याआधी कोणी विचारलंच नव्हतं.

अंकिताने रांगेचा फोटो टाकला, 'हजार वाढदिवस, एक चादर'. दुकानाची ती सर्वांत गाजलेली पोस्ट ठरली. साऱ्या महाराष्ट्रातून शुभेच्छा आल्या. तुम्हीही हृदयाचं चिन्ह दाबलंत.

फोटो जरा मोठा करून बघा. डावीकडून तिसरी, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी तुमच्याच घरची आहे. ती पहाटे एसटी गाठायला निघाली, तेव्हा तुम्ही मोबाइलवर आदल्या दिवशीच्या कुठल्याशा थोर माणसाला विनम्र अभिवादन करत होतात. मान वर न करता तिला म्हणालात, चहा टाकून जा.