जॉय आंटीचा बायोडेटा

आमच्या शेजारच्या जॉय आंटीच्या बायोडेटामध्ये ती कुठे कुठे नोकरीला होती हे बारीक अक्षरात आहे, आणि कुठून कुठून तिला काढून टाकलं हे ठळक अक्षरात. तेही कारणासकट.

पहिलीच नोंद घ्या. वय सोळा, हॉटेलचं स्वयंपाकघर, मुदत एक दिवस. मालकाने सांगितलं होतं की काळ्या बायकांनी मागच्या दाराने यायचं. आंटी बटाट्यांचं पोतं खांद्यावर टाकून पुढच्या दाराने, जेवत बसलेल्या गिऱ्हाइकांच्या मधून, सगळ्यांना हसून नमस्कार करत आत गेली. दुपारी नोकरी गेली. "पण पोतं आत पोचवलं मी. ते लिही. काम अर्धवट टाकलेलं नाही."

"ते लिही, डार्ल" हे तिचं पालुपद. कौन्सिलने कचऱ्याची बिन उचलली नाही, लिही. बसच्या ड्रायव्हरने तिच्याकडेच तिकीट मागितलं, लिही. आम्ही पुण्याहून मेलबर्नला आलो आणि वेरिबीत घर घेतलं त्याला चार वर्षं झाली. कुंपणाच्या पलीकडून पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "मी जॉय. ब्लॅक वुमन. माझा मॉब, म्हणजे माझे लोक, इथे तुम्हा सगळ्यांच्या आधीपासून आहेत. पण नो वरीज, ये तू." इथल्या मूळ रहिवाशांमध्ये मोठ्या बाईला मानाने आंटी म्हणतात हे कळल्यावर मला हायसं वाटलं, कारण मी तिला आधीच आंटी म्हणून हाक मारून मोकळी झाले होते.

तर बायोडेटा. हॉस्पिटलची लाँड्री, सात महिने. आमच्या बायकांना व्हरांड्यातल्याच खाटा का, म्हणून सह्या गोळा केल्या. काढलं. शाळेत मदतनीस, दोन वर्षं. मुलांना या जमिनीचा खरा इतिहास सांगितला. काढलं. मग सहा जणींनी एका गॅरेजात ऑफिस थाटलं. पोलिसांनी उचललेल्या मुलांच्या आयांना वकील मिळवून द्यायचा. पगार नाही. तिथली पद्धत अशी की दर महिन्याला सहांपैकी एक जण बॉस, आणि तिने इतर पाच जणींना वाटेल ते झापायचं. "डेडली नोकरी होती," आंटी म्हणते. डेडली म्हणजे तिच्या भाषेत एकदम झकास.

गेली अकरा वर्षं ती एका आरोग्यकेंद्रात आहे. एवढ्या काळात तिच्या डोक्यावर पाच मॅनेजर आले. प्रत्येकाला तिनेच शिकवलं: कुणाच्या घरी आधी तासभर चहा प्यायचा आणि मग ब्लडप्रेशरचं नाव काढायचं, कुणासमोर टाय घालून जायचं नाही. शिकून तयार झाला की माणूस बढती घेऊन निघून जायचा. मागच्या वर्षी ऑफिसने तिलाही एका कार्यशाळेला पाठवलं, उदयोन्मुख नेतृत्वासाठी. बासष्टाव्या वर्षी. प्रमाणपत्र तिने फ्रिजवर लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. "बघ, मी उगवतेय."

यंदा पाचवाही गेला, आणि आंटी लॅपटॉप काखेत मारून माझ्या स्वयंपाकघरात आली. "सहाव्याला शिकवायचा मला कंटाळा आलाय. ती खुर्ची मलाच पाहिजे. फॉर्म भर."

मी पडले आयटीतली. बायोडेटामध्ये गॅप दिसू द्यायची नाही हे आम्हाला कॉलेजातच घोटून शिकवलेलं. एका दुपारी मी तिचं अख्खं आयुष्य इस्त्री करून टाकलं. सगळ्या हकालपट्ट्या गायब. 'करार पूर्ण', 'संवादकौशल्य', 'भागधारकांशी समन्वय'. आंटीने चष्मा लावून शांतपणे वाचलं.

"ही बाई कोण?"

"तूच."

"छान आहे गं. कुणाशी भांडलेली दिसत नाही. हिला मी नोकरीवर ठेवणार नाही."

सगळं पुन्हा होतं तसं झालं, ठळक अक्षरांसकट. मी तोंड वाकडं केलं, पण केलं.

शेवटच्या पानावर दोन पूर्वीच्या वरिष्ठांची नावं हवी होती, शिफारशीसाठी. मी म्हटलं, झालं, तुला काढून टाकणाऱ्यांची यादी पुन्हा वर घ्यावी लागणार. पण आंटी खूश. "वरिष्ठ? पाच आहेत. गॅरेजातल्या. लिही. पहिली, ती मोठ्याने हसणारी."

"नाव सांग."

"नदीकाठची. सगळ्यांना ओरडायची."

"आंटी, फॉर्मला नाव लागतं. दुसरी?"

"ती जिला गाडी मागे घेता यायची नाही."

मला गंमत वाटली. मी तिला सांगितलं की आमची आजी अशीच नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, फारच आग्रह केला तर उखाण्यात घ्यायची, तेव्हा तूही यमक जुळव आणि सांग. आंटी थोडी हसली. मग फोन काढून तिने एकेक करून पाचही नंबर माझ्यासमोर धरले, दर वेळी नावावर अंगठा ठेवून.

"त्या नाहीत आता, डार्ल. शेवटची मागच्या हिवाळ्यात गेली. गेलेल्या माणसांची नावं आमच्या घरात घेत नाहीत."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून चहा टाकला. ती म्हणाली, साखर घाल.

शेवटी तिने स्वतः घडवलेल्या दोन मॅनेजरांना फोन केला. दोघेही लगेच तयार. एकाला तर ती अजून मॅनेजर नाही याचंच आश्चर्य वाटलं.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, आम्ही तिच्या अंगणात तण काढत होतो तेव्हा फोन आला. तिने स्पीकर लावला. पलीकडची बाई म्हणाली, पद तुमचं, सोमवारपासून. आंटीने थँक यू म्हणून फोन ठेवला आणि सवयीने भराभर कुणाला तरी लावायला नावं वर सरकवली. अंगठा एके ठिकाणी थांबला. एक वर, एक खाली, पुन्हा थांबला. मग तिने फोन गवतात पालथा ठेवला.

मला फार वाईट वाटलं. एवढी मोठी बातमी, आणि त्या खुर्चीपर्यंत यायला काय काय लागलं हे ठाऊक असलेलं एकही माणूस फोनमध्ये उरलेलं नव्हतं.

ती माझ्याकडे वळली. हातांना माती होती, तशीच.

"ऐक, डार्ल," ती म्हणाली. "मला ती नोकरी मिळाली."

मी सगळं कानांनी ऐकलं होतं. तरी खुरपं खाली ठेवलं आणि म्हटलं, "काय सांगतेस? बस इथे. पहिल्यापासून सांग."