मनगट सरळ ठेव

आळीतल्या पुरुषांची पोटं बघून एके दिवशी मला राहवेना, आणि मी बॉक्सिंग शिकायचं ठरवलं. (माझं पोट सपाटच आहे, पण समाज बदलायचा तर सुरुवात स्वतःपासून करावी लागते.) एकट्यानं जायला जरा धीर होईना, म्हणून बायकोला, स्वानंदीला, सोबत नेलं.

मला वाटलं, वर्ग घेणारे हर्षद सर पहिल्याच दिवशी गुद्दे मारायला लावतील. त्यांनी हातात लांबलचक पट्ट्या दिल्या. त्या मनगटाभोवती घट्ट गुंडाळायच्या, ओला टॉवेल पिळायचा, तांदळाच्या बादलीत हात खुपसून मूठ उघडायची-मिटायची. गुद्द्याचा सगळा भार मनगटावर येतो, ते वाकलं की संपलं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मारायचं कधी? म्हणाले, मनगट तयार झालं की. देशाचं वाटोळं या 'झालं की'नंच केलंय.

स्वानंदीनं मात्र सगळं मनावर घेतलं. घरी आली की तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात. आईनं मला हळूच विचारलंही, हिचं डब्यात काय हरवलंय? पण थोड्याच दिवसांत लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्याकडे यायचं बंद झालं. वर्गात तिच्या ठोशाला सर नुसती मान डोलवायचे. मला मात्र दोघांकडून एकच वाक्य ऐकावं लागे : "मनगट सरळ ठेव."

एवढं करूनही आळीतलं कुणी वर्गाला फिरकेना. शेवटी मी नाक्यावर बाळाशी पैज लावली. नारळी पौर्णिमेला नारळ लढवण्यात बाळाला हरवणारा आमच्याकडे अजून जन्मायचाय. एकानं नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्यानं त्यावर आपला हाणायचा, मग उलट. ज्याचा फुटेल तो हरला. मी जिंकलो तर सगळ्या आळीनं पहाटे वर्गाला यायचं. हरलो तर पुन्हा वर्गाचं नाव काढायचं नाही.

"आणि मेल्या, आमच्या पोटांकडे बघायचं नाही," बाळा म्हणाला.

मग घरीच सराव सुरू केला. पोत्यात पेंढा भरून ते मागल्या पडवीत वाशाला टांगलं. पौर्णिमेच्या सकाळी पोतं जरा फुगलेलं दिसलं. म्हटलं, दमट हवा आहे, पेंढा फुगला असेल. स्वानंदी म्हणाली, पट्टी बांध. पेंढ्यासाठी पट्टी? मी पवित्रा घेतला, बाळाचं तोंड डोळ्यांसमोर आणलं आणि सगळा जोर एकवटून गुद्दा हाणला.

पोतं जागचं हललं नाही. मनगट हललं.

माझी किंकाळी ऐकून आई धावत आली आणि तिनं आधी पोत्यात हात घातला. लढतीसाठी निवडून ठेवलेले नारळ तिनं आदल्या दिवशी त्या आयत्या पेंढ्यात नीट लपवले होते. (कोकणातल्या आईला चांगला पेंढा नुसता टांगलेला बघवत नाही.) एकेक नारळ काढून कानाशी हलवून पाहिल्यावर ती म्हणाली, "सगळे शाबूत आहेत हो." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

हाड मोडलं नव्हतं. पण जी पट्टी बांधायचा मला कंटाळा होता, तिच्या दुप्पट जाड डॉक्टरांनी बांधून दिली.

संध्याकाळी गळ्यात हात अडकवून नाक्यावर गेलो. बाळानं दयाळूपणे पैज जिंकल्याचं जाहीर केलं. माझी क्रांती संपली होती. तेवढ्यात स्वानंदी पुढे आली.

"ह्याच्या जागी मी लढवते."

"वहिनी, हाताला लागेल."

तिनं पर्समधून पट्टी काढली आणि घाई न करता मनगटाभोवती गुंडाळली. मागोमाग आलेल्या आईनं पिशवीतून एक नारळ तिच्या हातात दिला. बाळाचा घाव बसला; तिची मूठ तसूभर ढळली नाही. मग तिची पाळी. मूठ, मनगट, कोपर, सगळं एका रेषेत. मी इतकी देखणी गोष्ट पूर्वी पाहिली नव्हती (लग्नातसुद्धा, तेव्हा अक्षता डोळ्यांत जात होत्या). बाळाच्या नारळाचं पाणी त्याच्या शर्टावरून पोटावर ओघळलं.

आळी शब्दाला जागली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सगळे वर्गात ओले टॉवेल पिळताहेत, आणि पुढच्या रांगेत उभी राहून स्वानंदी त्यांना शिकवते आहे.

पण त्या संध्याकाळी बाळा तो जिंकलेला नारळ हातात फिरवत बराच वेळ उभा होता. काकू, एवढा टणक नारळ ओळखलात कसा, असं त्यानं आईला विचारलं.

"सकाळी ह्याच्यावरच उन्मेषनं गुद्दा मारलान," आई म्हणाली. "साधी चीर गेली नाही. म्हटलं, हाच द्यावा."

पुढच्या वर्षी बाळाही आपले नारळ माझ्याकडूनच तपासून घेणार आहे. हात बरा व्हायची घाई नाही म्हणाला. डाव्यानं मारलास तरी चालेल.