भीमरावकाकांचा यू

मी कॉलेजात जाईपर्यंत आमच्या घरात इंग्रजी अक्षरं होती ती फक्त बाबांच्या शिलाई मशीनवर. बाबा इथं कानडी मुलखात, देवराज मोहल्ल्यात ब्लाउज शिवत, आई हुक-काजं करी. मशीन बिघडलं की आठवडाभर नाचणीची आंबील.

आमच्या गल्लीत इंग्रजीचे मालक एकच, भीमरावकाका. छापखान्यात प्रूफं वाचून निवृत्त झालेले. ‘कलर’मधला यू कोणी गाळला की त्यांना जेवण जात नसे. कोपऱ्यावरच्या पेंटवाल्याच्या पाटीवर ते रोज खडूनं यू घालत, तो रोज पुसे.

“सार, अमेरिकेत असंच लिहितात.”

“मग तिथं जाऊन रंग वीक. इथं सुम्ने, उगाच, अक्षरं खाऊ नको.”

लग्नपत्रिका तपासायला लोक त्यांच्याकडेच येत. पद्धत छापखान्याची: एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, दुसऱ्यानं प्रूफ बघायचं. वाचायच्या काकू. सातवी शिकलेल्या, अर्थ कळत नसे, पण एक अक्षर सुटत नसे. त्या गेल्यावर काका पत्रिका परत पाठवू लागले. “एकट्यानं प्रूफ वाचायचं नसतं,” एवढंच म्हणत. गल्ली म्हणाली, म्हातारा माजला.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट रिपोर्ट मॅडमनी परत केला. अर्धी स्पेलिंगं ब्रिटिश, अर्धी अमेरिकन. सोमवारपर्यंत सगळी अमेरिकन करून आणा, नाहीतर नापास. मी दोन प्रती घेऊन भीत भीत काकांकडे गेले.

“म्हणजे यू काढायचा?”

“हो काका. सगळे.”

त्यांनी चष्मा पुसला. “आयतु, ठीक आहे, काढू. पण मोठ्यानं तू वाचायचंस. कॉमासकट.”

तीन दिवस मी काकूंच्या खुर्चीत बसून वाचत होते आणि काका लाल पेन्सिलीनं एकेक यू उडवत होते, प्रत्येकाला “शिव शिव” म्हणून. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर पेन्सिल थांबलेली, डोळे मिटलेले.

“काका, झोप आली?”

“नाही गं मगळे, पोरी. घरात आवाज असला की बरं वाटतं.” मग जरा ओशाळून म्हणाले, “मागची चार पानं परत वाच. मी बघितलीच नाहीत.”

मी मुद्दाम सहा पानं मागे गेले.

सोमवारी रिपोर्ट घेतला गेला. मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर.