गोमाभाऊंचं अस्तर

आमचे शेजारी गोमाभाऊ पेंटर रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येत आणि मीठ मागत. खायला नव्हे, बघायला. माझी बायको बरणी पुढे करी. गोमाभाऊ चिमूटभर मीठ बोटांत चोळत, डोळे बारीक करत आणि निकाल देत. "वैनी, मीठ रडतंय. आज काम नाय."

गोमाभाऊ गाड्यांना प्रायमर मारत. रंगाच्या आधीचा हा तांबडा हात. ते त्याला अस्तर म्हणत. दमट हवेत मारलेल्या अस्तराखाली पत्रा गंजतो, आणि आमच्या दहिवलीची हवा मिठाला जेवढी कळते तेवढी रेडिओलाही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. आता मीठ त्यांच्या घरीही असायला हरकत नव्हती. पण बायको वारल्यापासून तिथं चूल पेटत नसे. जेवण कर्जतच्या खानावळीत. त्यामुळे आमची बरणी हीच त्यांची वेधशाळा झाली होती.

त्यांची स्प्रे गन मुंबईच्या कुठल्याशा गॅरेजातून भंगारात निघालेली. खाली रंगाचा डबा, वर नळी, घोड्याला सुतळी गुंडाळलेली. तिला ते म्हातारी म्हणत. "म्हातारी आधी खोकते, मंग बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून पहिला फवारा गाडीवर कधीच नाही, तो एका जुन्या पत्र्यावर. तिथं म्हातारी दोन-चार गुठळ्या थुंकली की मग गोमाभाऊ गाडीकडे वळत. गन पत्र्यापासून बरोबर एक वीत. हात सरळ जायचा, वळायचा नाही. त्या वेळी ते श्वाससुद्धा धरून ठेवत, आणि कुणी मध्येच बोललं तर गनसकट त्याच्याकडे वळत. माझा एक चांगला पांढरा सदरा त्यात गेला.

रंगाचं मात्र त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. गिऱ्हाईक निळा की हिरवा असा घोळ घालू लागलं की गोमाभाऊ जांभई देत. "रंग लोकांला दाखवायला. गाडीला अस्तर लागतं."

आणि नेमक्या त्यांच्याच कशेळ्याच्या जावयानं एक जुना टेंपो घेतला आणि सासऱ्याला न विचारता खोपोलीहून रंगवून आणला. तो बघून गोमाभाऊ चारचौघांत म्हणाले, "पहिल्या पावसाळ्यात नागडा होईल हा." जावई रागावला. सुमननं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, माहेरी येणं सोडलं. कशेळ्याची एसटी रोज गोमाभाऊंच्या रंगकामाच्या शेडसमोरून जायची. गोमाभाऊ ती थांबते का बघत आणि मग पाठ फिरवत.

टेंपो खरंच नागडा झाला. दिवाळीच्या आधी एका सकाळी तो शेडसमोर येऊन उभा राहिला, रंगाचे पापुद्रे लोंबत होते. सुमन आधी उतरली. "बाबा, एक शब्द बोलायचा नाय. बोललात तर आमी आल्या पावली माघारी."

गोमाभाऊंनी नखानं एक पापुद्रा उचलला. खाली नुसता गंज, अस्तराचा थेंब नाही. त्यांचे ओठ हलले. मी कुंपणापाशी होतो; म्हटलं, झालं, गेली लेक परत. पण त्यांनी तोंड मिटलं. दिवसभर पत्रा खरवडला, पॉलिश पेपरनं घासला, आणि जावयाला द्यायच्या सगळ्या शिव्या बिचाऱ्या गनला दिल्या. "म्हातारे, अक्कल नाय तुला. घरच्या माणसाला इचारायचं नाय, हाय का?" जावई टेंपोआड उभा राहून निमूट ऐकत होता. सुमन घरात चूल पेटवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अस्तर मारून झालं. रंग दिवाळीनंतर द्यायचा होता, कारण भाताच्या पोत्यांची भाडी खोळंबली होती. ऊन असं की चहा निवायच्या आत अस्तर वाळावं. संध्याकाळी जावयानं विचारलं, "मामा, नेऊ का?"

"कच्चं हाय."

सकाळी विचारलं, तरी कच्चंच. दुपारीही तेच. शेवटी जावई मला शेडमध्ये घेऊन आला. "काका, तुमीच हात लावून सांगा. मला मामांचं काय समजत नाय."

मी दारावर बोट टेकवलं. अस्तर खडखडीत वाळलेलं, बोट स्वच्छ. गोमाभाऊ आमच्याकडे पाठ करून थिनरनं गन धूत होते, आणि ती केव्हाच धुऊन झाली होती. मी बोलणार तेवढ्यात घरातून हाक आली. "बाबा, या ना जेवायला. किती येळ ताट झाकून ठेवू?"

इतक्या वर्षांत त्या घरातून जेवायची हाक मी ऐकली नव्हती.

"चिकटतंय थोडं," मी म्हणालो.

जावयानं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःचा पंजा दारावर दाबला, उलटा करून बराच वेळ बघितला आणि उगीचच लेंग्याला पुसला.

"खरं हाय मामा," तो म्हणाला. "चिकटतंय. उद्या बघू."

गोमाभाऊंनी गन खुंटीला अडकवली. "चला जावईबापू," ते म्हणाले, "ताट गार होतंय."