गुरुपादप्पांचा नमस्कार

गुरुपादप्पांच्या आडतीवर सकाळपासून एक पोतं जागचं हललं नव्हतं. सोयाबीनचा सौदा झालेला, ट्रक दारात उभा, आणि हमाल मात्र लिंबाच्या सावलीला निवांत तंबाखू मळत बसलेले. लातूरच्या मार्केट यार्डात त्या दिवशी दुकानोदुकानी हेच चाललं होतं. हमालांचं म्हणणं एकच होतं: शंभर किलोचं पोतं बंद, यापुढे पन्नासचाच कट्टा उचलणार. अडत्यांचं म्हणणंही एकच होतं: बापजाद्यांपासून पोतं चालत आलंय, तेच चालणार. आदल्या संध्याकाळी सगळ्या अडत्यांनी एकमेकांना शब्द दिला होता की कुणीच आधी माघार घ्यायची नाही. त्यात सगळ्यात मोठा आवाज अर्थातच आप्पांचा होता.

"मालक, हट्ट न्हाई हो आमचा," हमालांचा मुकादम नरसिंग सांगत होता. "पस्तिशीची माणसं म्हाताऱ्यावानी चालायलीत. माझीच कंबर रातभर झोपू देईना."

"कंबर सगळ्यांचीच दुखती," आप्पा म्हणाले. त्यांची स्वतःची कधी दुखली नव्हती. तिला तसं काही कारणच मिळालं नव्हतं.

"मग एक उचलून बगा की," मागून कुणीतरी पुटपुटलं.

झालं. आप्पांचा पारा चढला. "एक कामून? आख्खा ट्रक भरतो. पोतं उचलायला काय अक्कल लागती?" बोलून गेले, आणि मग बघतात तर सगळे हमाल तंबाखू टाकून उठून उभे राहिलेले. आता मागं कसं फिरायचं?

नरसिंग कळवळून आडवा आला. "नगं मालक. ह्या वयात न्हाई झेपायचं."

वयाचा विषय काढायला नको होता. आप्पांनी पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या बाह्या सारल्या, वाकून पोत्याचे दोन्ही कान धरले आणि जोर लावला. पोतं होतं तिथंच राहिलं. आप्पांच्या कमरेत मात्र कट्‌कन काहीतरी वाजलं, आणि आप्पाही होते तसेच राहिले.

"मालक?" नरसिंग समोर येऊन उभा राहिला.

"काय न्हाई. पोत्याची शिवण बघायलोय."

बराच वेळ झाला तरी शिवण बघून होईना. मग अगदी बारीक आवाज आला. "नरसिंग, मला सरळच होता येईना की रे." पाठोपाठ अशी जबरदस्त कळ आली की आप्पांनी डोळे गच्च मिटले आणि महादेवाला हात जोडले.

नेमका त्याच क्षणी औशाकडचा शेतकरी दगडोबा आपल्या मालाचा भाव विचारायला दुकानाच्या पायरीवर आला. वीस वर्षांत ज्यांनी साधी मानसुद्धा कुणापुढे झुकवली नव्हती, ते गुरुपादप्पा हमालांपुढे कमरेतून वाकलेत, हात जोडलेत, डोळ्यांतून पाणी गळतंय. दगडोबाला भरूनच आलं. भावबिव विसरून तो तसाच उलटा फिरला आणि शेजारच्या दुकानात शिरला. त्या दुकानात आप्पांनी हात जोडले होते, पुढच्या दुकानापर्यंत पाय धरले, आणि यार्डाच्या टोकाला बातमी पोचली तेव्हा आप्पा हमालांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडत होते.

इकडे आप्पा अजून जमीनच बघत होते.

"धरा रे, उचला मालकाला," नरसिंग म्हणाला.

हमाल घुटमळले. एकाने विचारलं, "वजन किती हाय मालकाचं?"

"ब्याण्णव," आप्पा खालूनच म्हणाले.

"मग कसं जमावं? पन्नासच्या वर उचलायचं न्हाई म्हणून शपथ घेतलीया आपण."

नरसिंग विचारात पडला. मुकादमानेच शपथ मोडली तर उद्या कोण ऐकणार त्याचं? शेवटी त्याने तोड काढली. "दोघांनी धरा. माणशी सेहेचाळीस पडतंय. बसतंय का न्हाई?"

"बसतंय, बसतंय," घाईघाईने आप्पाच म्हणाले.

हातगाड्यावर घालून त्यांना घरी न्यायला निघाले, तर वाटेत दोन्ही बाजूंनी हमाल 'गुरुपादप्पा मालकाचा विजय असो' म्हणून ओरडू लागले. आप्पांना वाटलं, माझी चेष्टा चाललीय. त्यांनी तोंडावर उपरणं ओढून घेतलं. लोकांना वाटलं, मोठा माणूस, किती लाजतोय बघा.

संध्याकाळी गुरम्मा नवऱ्याची कंबर शेकत होत्या आणि नरसिंग तब्येत विचारायला म्हणून दाराशी टेकला होता. तेवढ्यात अडत्यांचा अध्यक्ष राजशेखर तणतणत आत आला.

"आप्पा, काय केलंत हे? तुम्हीच हमालांच्या पाया पडले म्हणल्यावर आम्ही कुणाच्या जिवावर ताणून धरायचं? सगळ्या बाजारानं कट्टा कबूल करून टाकला. खरं सांगा, पडले का न्हाई पाया?"

"अरे मी कुठं..." एवढं बोलून आप्पा थबकले. पुढचं सांगायचं म्हणजे आपल्याच्याने एक पोतं उचलवलं नाही, हे सांगावं लागणार होतं. दाराशी नरसिंगचा जीव टांगणीला लागला होता. मालकाने एक शब्द उच्चारला की उद्या पुन्हा शंभर किलो पाठीवर येणार, आणि ही त्याची कंबर आणखी एक हंगाम काढणार नव्हती.

आप्पांनी कूस बदलायला बघितलं. कळ थेट मस्तकात गेली.

"हाव, पडलो पाया," ते गरजले. "शंभर किलो म्हणजे काय थट्टा हाय का, राजशेखर? माणसं हायत ती. कंबर हाय त्यांना." आपल्या तोंडून हे निघतंय याचं त्यांनाच नवल वाटलं, पण एकेक शब्द मनापासून होता.

राजशेखर हात झटकत निघून गेला. नरसिंगने डोळे पुसले आणि पलंगाजवळ येऊन बसला. आप्पांनी गुरम्मा आत जाईपर्यंत वाट बघितली आणि हळूच म्हणाले, "नरसिंग, खरं काय झालं ते कुणाला सांगू नको बाबा. तुझ्या माणसांनाबी बजाव."

"आता आणखी काय सांगायचं मालक?" नरसिंग त्यांच्या अंगावरची चादर नीट करत म्हणाला. "मी तर तुमच्या समोरच उभा हुतो. तुम्ही कसे वाकले, ते मी माझ्या डोळ्यानं बगितलंय."